पहिल्या आखाजीचे मांडे

प्रेमराजने गोळ्यांची बाटली रत्नाच्या तळहातावर उपडी केली. एक गोळी पडली. त्याने बुडाला टिचकी मारून दुसरीही पाडली आणि जणू काही चुकूनच घडलं, अशा चेहऱ्याने बाटलीला झाकण लावलं.

रत्नाने दुसरी गोळी चिमटीत धरून त्याच्यासमोर नेली.

"ही कायले?"

"आखाजीपुरती घे वं. थोडेच दिवस."

"डॉक्टरनं एकच सांगितली हाये."

"डॉक्टरले थोडेच मांडे करायचे हायेत? बागेची वाढ खुंटली तं आपण काय करतो? डोस वाढवतो का नही?"

"मी केळीचं खोड हाये का? दोन घेतल्यावर मले काय घड लागणार हाये?"

प्रेमराज हसला, पण बाटली त्याने हातातच ठेवली. रावेरच्या शिवारात हयात गेलेल्या माणसाला प्रत्येक दुखणं खतापाण्याचंच वाटतं, त्याला तो तरी काय करणार? बायकोवर त्याचा जीव होता. तिला पहिल्यासारखं पाहायचं होतं, एवढंच.

पहिली रत्ना म्हणजे गावाच्या तोंडी असलेली रत्ना. पहाटे उठून सडा, म्हैस, डबे उरकून ती शेतात सगळ्यांच्या आधी पोचायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अख्ख्या भावकीचे मांडे एकटी करायची आणि वर शेजारणीच्या चुलीवर जाऊन तिलाही हात लावायची. "सून नही, मशीन आणली," असं सासू कुंदाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मशीन रात्रभर टक्क जागी असायची, भाकरीवर भाकरी खाऊनही वाळत चालली होती, लेकरांवर खेकसायची आणि जिना चढताना छाती दाबून धरायची, ते कुणी मोजलं नाही. एकदा केळीच्या बागेतच ती कोसळली, तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी भलतीच चेकाळली आहे. पुढे मोठ्या शहरातल्या दवाखान्यात तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं. लेकराबाळांपासून लांब, वेगळ्या खोलीत काही दिवस काढून ती घरी आली. त्या औषधाने ग्रंथी निकामी केली. ग्रंथी करायची ते काम आता रोज सकाळी अनशापोटी घ्यायची ही बारीकशी गोळी करत होती. आणि ती जन्मभर घ्यायची होती.

सुरुवातीला मात्रा जमेपर्यंत रत्ना सुजली, सुस्तावली, भर उन्हाळ्यात शाल पांघरून बसली. मग मात्रा जमली. झोप लागू लागली. काळीज आपल्या जागी आहे याची आठवणही होईना. आयुष्यात पहिल्यांदा तिला चहाची चव नीट कळली, असं ती म्हणायची. घराला मात्र वाटायचं की बाई कामातून गेली.

दिवाळीत तिने नवऱ्याचं ऐकलं होतं. दोन-दोन गोळ्या घेतल्या आणि फराळाचे डबे असे भरले की कुंदाबाईने तिची अलाबला घेतली. त्याच आठवड्यात करंज्या लाटता लाटता छातीत ढोल वाजू लागला आणि तिला जळगावला न्यावं लागलं. डॉक्टरांनी प्रेमराजला चांगलंच झापलं. तरी आता त्याने पुन्हा बाटली उपडी केलीच.

"पोरीची लग्नानंतरची पहिली आखाजी हाये," ओसरीवरून कुंदाबाई म्हणाली. "जावई धुळ्याहून येतीन. मांडे काय बाहेरून आणशीन?"

"मीच करीन, आत्याबाई. सगळे करीन. पण माह्या चालीनं."

तिने एक गोळी पाण्याबरोबर गिळली. त्याच्या हातून बाटली घेऊन दुसरी तिच्यात टाकली आणि ती स्वतःच्या फडताळात नेऊन ठेवली.

आखाजीच्या दिवशी घागरीची पूजा झाली आणि अंगणातल्या चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या पेटल्या. चुलीवर मातीचं खापर पालथं बसलं. रत्नाने पीठ सकाळीच तिंबून, पाण्याचा हात लावून लावून हवं तसं सैल केलं होतं. पुरण भरलेला उंडा ती दोन्ही तळव्यांवर घ्यायची, मनगटावरून फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरू द्यायची आणि मग अलगद खापरावर टाकायची. एकही मांडा फाटत नव्हता. पण प्रत्येक मांड्यानंतर ती हात पुसायची, श्वास घ्यायची, मगच पुढचा उंडा उचलायची. घाईत आपले हात आपले राहत नाहीत, हे ती चांगलं शिकली होती.

ओसरीवर आमरसाच्या वाट्या भरून पंगत बसली होती. नवा जावई जितेंद्र, धुळ्यातल्या एका कचेरीत नोकरीला असलेला शांत मुलगा, पहिला मांडा संपवून दुसऱ्याची वाट पाहत होता.

"पंगत ताटकळली वं," कुंदाबाई कुरकुरली. "पहिले असं नही व्हतं."

"वाट पाह्यलेला मांडा गोड लागतो, आत्याबाई."

रत्ना हसून बोलली खरी, पण ते तिला लागलं. लेकीच्या सासरच्या माणसासमोर आज आपली लाज निघते आहे, असं तिला वाटलं. तरी तिने हाताचा वेग वाढवला नाही.

"सरक आई, मी करते."

भूमिकाने पदर खोचला आणि ती चुलीपुढे बसली. रत्ना बाजूला झाली. ही पोर मुळात आरामशीर. तिसऱ्या हाकेला उठायची आणि चौथीला 'काय' म्हणायची. आता मात्र तिचे हात भराभर चालू लागले. एक मांडा खापरावर, दुसरा मनगटावर, तिसऱ्याचा उंडा भरलेला. मध्येच उठून तिने आतून तुपाचं भांडं आणलं, पंगतीत वाढून आली, पुन्हा बसली. अंगणातल्या बाया पाहत राहिल्या.

"मायचाच हात आला!" कुंदाबाईचा चेहरा फुलला. "पाहा वं, हुबेहूब माही पहिलेची सून!"

"आमच्या घरी तर तिच्यावाचून पान हलत नाही," जितेंद्र ओसरीवरून अभिमानाने म्हणाला. "आई म्हणते, उद्याच घेऊन ये."

रत्नालाही आनंद झाला. खरंच झाला. लेकीकडे पाहून मन भरून येत होतं. मग भूमिकाने मांडा उचलला आणि त्याची पातळ कड बोटांवर थरथरताना रत्नाला दिसली.

तिने लेकीचं मनगट धरलं.

"ऊठ. इकडे ये."

"खापरावरचा जळेल, आई."

"जळू दे."

रत्नाने तिला निंबाच्या सावलीत बसवलं. चुलीची धग असेल, असं स्वतःला बजावत तिने पाण्याचा पेला भूमिकाच्या हातात दिला, पदराने वारा घातला आणि घाम वाळेपर्यंत थांबली. मग तिने पुन्हा मनगटावर बोटं ठेवली. नाडी पळतच होती. पेल्यातलं पाणी हलत होतं. नव्या ब्लाउजच्या बाह्या दंडावर सैल लोंबत होत्या.

"झोप लागते का?"

"कुठली! पण त्या वेळात कामं उरकतात."

"भूक?"

"फार लागते. सासूबाई चिडवतात, एवढं खाते ते जातं कुठं म्हणून."

रत्ना उठली. अंगणात सगळी भावकी होती. पोरीची पहिली आखाजी, जावई पाटावर बसलेला. हे बोलणं सासरी कसं पोचेल, हे तिला पुरतं कळत होतं. नवी सून आजारी निघाली, अशी गोष्ट धुळ्यापर्यंत जायला वेळ लागत नाही.

"जावईबापू," ती ओसरीसमोर उभी राहून म्हणाली, "उद्या भूमिका तुमच्यासोबत येणार नाही. आम्ही जळगावला जाणार आहोत. तिचं रक्त तपासायचं आहे."

पंगतीतले हात थांबले.

"आज कायले वं?" कुंदाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "चांगल्या पोरीले नाट लावते!"

"तिला काही झालंय असं वाटत नाही हो," जितेंद्र गोंधळून गेला. "घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त कामं तीच करते."

"म्हणूनच. काही नाही निघालं तर चारचौघांत कान धरीन मी. पण तपासल्याशिवाय पाठवणार नाही."

प्रेमराज तुपाची वाटी हातात घेऊन लेकीकडे पाहत होता. मग तो सासूसुनेच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"जाऊ दे, आई," तो कुंदाबाईला म्हणाला. "मी गाडी काढतो उद्या."

जितेंद्र ताटावरून उठला आणि हात धुवायला गेला. परत येऊन तो निंबाखाली भूमिकाशेजारी उभा राहिला. मग म्हणाला, "मीही येतो."

रत्ना चुलीपाशी परतली. खापरावरचा मांडा काळा पडला होता, तो तिने काढून टाकला आणि नवा उंडा हातात घेतला. भूमिका मागोमाग येऊन तिच्या शेजारी बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आई, तिकडे मला सगळे किती नावाजतात गं."

रत्नाने उंडा तळव्यावर फिरवला.

"मलेही नावाजायचे."