फाब्रिसचा रिकामा हात

सोलांज बँकेत भागीदार झाली, त्या दिवशी सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं आणि हात मिळवताना तिच्या मनगटाकडे पाहिलं. निदान तिला तरी तसं वाटलं.

"हे खेळण्यातलं घड्याळ आता बदल, बाई," फाब्रिस म्हणाला. तो बँकेत तिच्या शेजारच्या खोलीत बसायचा. त्याने बाही मागे सारली. त्याचं निळ्या तबकडीचं घड्याळ जिनिव्हात कुणीही लांबून ओळखलं असतं.

तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. सरोवराकाठच्या दुकानांतून ती येरझारा घालू लागली. तेच निळं घड्याळ तिनं मागितलं, तर विक्रेती गोड हसली. "ते नुसतं दाखवायला आहे, मादाम. आधी आमच्याकडून दुसरं काही घ्या, ओळख वाढू दे, मग बघू."

"घड्याळ घेतेयस की सोयरीक जुळवतेयस?" नवरा जेरोम म्हणाला. तिला हसू आलं नाही.

शेवटी कारूजमधल्या एका दुकानात ती गेली. तिथे वापरलेली घड्याळं मिळायची. तिनं निळ्या घड्याळाचं विचारताच मालकानं मखमली तबक पुढे केलं. "नशीबवान आहात. निळं आत्ताच आलंय."

तेवढ्यात आतल्या खोलीतून फाब्रिस बाहेर आला. त्याच्या मनगटावर पट्ट्याएवढी पांढरी खूण होती. दोघं रस्त्यावर आले.

"घटस्फोट झालाय," तो म्हणाला. "सगळंच विकतोय. तू घे ना ते. फक्त ऑफिसात घालू नकोस, वोतिए साहेब ओळखतील."

"मग घालू कुठे? भांडी घासताना?"

दोघंही हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. ती घड्याळ न घेताच परतली.

शुक्रवारी बँकेचे प्रमुख वोतिए साहेब यांनी नव्या भागीदारासाठी जेवण ठेवलं होतं. मासे संपत आले तसे ते मोठ्यानं म्हणाले, "काय सोलांज, ठरलं का घड्याळ? फाब्रिस, दाखव रे तुझं हिला."

फाब्रिसचा काटा ताटातच थांबला. त्याने बाही हळूच खाली ओढली.

"त्याचं नको, साहेब," सोलांज घाईनं म्हणाली. "रोज बघून विटलेय मी. तुमचं दाखवा ना."

साहेब खुलले. त्यांनी स्वतःचं घड्याळ काढून तिच्या हातात चढवलं. ते जड होतं, त्यांच्या अंगाच्या उबेनं कोमट होतं. गोड पदार्थ येईपर्यंत साहेब त्या घड्याळाबद्दलच बोलत राहिले. फाब्रिसनं मान वर न करता तिचा पेला भरला.

घरी तिनं जेरोमला सगळं सांगितलं.

"सांभाळून घेतलंस बिचाऱ्याला," तो म्हणाला. "म्हणूनच नाही घेतलंस ना त्याचं घड्याळ?"

ती हो म्हणाली, पण तिच्या मनाला ते लागून राहिलं. कारूजच्या त्या दुकानात तबक पुढे आलं, तेव्हा फाब्रिस अजून आतच होता. कीव यावी असं तिथे कुणी नव्हतंच. तरी तिचा हात मागे आला होता. लोकांना कळलं, हिनं जुनं घेतलंय, तर?

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती पुन्हा सरोवराकाठी गेली. विक्रेतीनं या वेळी तिला नावानं हाक मारली, आणि सोलांजला त्याचा आनंद झाला. त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली, की ती दारातूनच मागे फिरली.