धुऊन परत आलेलं यंत्र

सकाळी बुद्धापुढं भाताची वाटी नि पाणी ठेवलं आणि रोजच्यासारखं मनाशी म्हटलं, आज कुणाला वाकडा शब्द बोलणार नाही. मग अंगणात येऊन गवत कापायच्या यंत्राची दोरी ओढली. दोरी अशी सुळकन हातात आली, की मी मागच्या मागं पडता पडता वाचले. एरवी ती अर्ध्यात अडते, मनगटाला हिसका देते.

कुंपणापलीकडून माझे चुलतदीर, तोकुजी भावजी, बघतच होते.

"काम्प्रेशन गेलं, वहिनी, आत दाबच धरत न्हाई. पिस्टनच झिजलाय. घाला भंगारात. उद्या ओबोनची, पितरांच्या सणाची गवतकापनी, आन तुमचा बांध तसाच ऱ्हायला तर गाव इचारनारच, एकट्या बाईला शेत झेपतंय का म्हनून. मी कसतो म्हनलंय न्हवं कवाधरनं."

त्यांचं यंत्र बंद पडलं म्हणून गेल्या आठवड्यात त्यांनीच माझं नेलं होतं. परत आणलं ते लखलखीत, वर दोन कलिंगडं. उसनी वस्तू मळकी परत करायची नाही, अशी आमच्याकडची रीत. मीच चारदा वाकून आभार मानले होते.

"झिजलाय का ते बघते," मी म्हटलं.

प्लग काढला, भोकातून चमचाभर तेल सोडलं, प्लग लावून पुन्हा ओढलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलानं फट भरून दोरी जड झाली असती. ती तशीच हलकी. मग सायलेन्सरला कान लावून हळू ओढलं. आत फुस्स. हवा धुराच्या वाटेनं पळत होती, म्हणजे तिकडचा व्हॉल्व्ह मिटतच नव्हता.

सायलेन्सर सोडवला. आतून पाणी सांडलं. व्हॉल्व्हच्या दांडीवर तांबडा गंज.

"भावजी, कशानं धुतलंत हो?"

"पाटावरच्या पंपानं. चौबाजूनी फवारा मारला. घान परत देतोय व्हय मी?"

"धुराच्या नळीतबी?"

"तितंच तर समदी काजळी व्हती."

जे तोंडाशी आलं ते दातांखाली दाबलं. आमच्या ह्यांनी, ते होते तोवर, अठरा वर्षं हे यंत्र कोरड्या ब्रशनं झाडलं. पाण्याचा थेंब लावू दिला नाही. आणि हा माणूस त्याच्या नरड्यात पाणी ओतून वर माझं शेत मागतो. त्याच रागानं गंज खरवडला, रॉकेल सोडलं, दांडीवर लाकडाच्या मुठीनं ठोकत बसले. दुपार कलली तेव्हा व्हॉल्व्ह खट्कन जागी बसला. सगळं जोडून दोरी ओढली, ती मनगटाला झोंबली. तिसऱ्या ओढीला यंत्र भडभडत सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी दव असतानाच माझा बांध कापून झाला. गाव पितरांच्या थडग्यांची वाट साफ करायला जमत होतं. तोकुजी भावजी घाम पुसत आले.

"वहिनी, जरा यंत्र द्या की. माझाच बांध निम्मा ऱ्हायलाय. समदी बघत्यात."

मी कमरेचा विळा काढला, दोन्ही हातांवर ठेवून वाकून त्यांच्यापुढं धरला.

"हा न्या, भावजी. हा खुशाल धुऊन आणा."