पौषातलं मतदान

आमचं आंदोलन यशस्वी झालं आणि त्यातच आम्ही तोंडावर पडलो.

गावात बबनरावाचं देशी दारूचं दुकान आहे. सरकारी परवान्याचं, शाळेच्या वाटेवर. ते बंद करायचा कायद्यानं एक रस्ता आहे, गावातल्या बायकांचं मतदान. मतपत्रिकेवर दोन बाटल्यांची चित्रं असतात, एक उभी आणि एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. पण त्यात एक मेख आहे. आलेल्या बायकांच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडावे लागतात. म्हणजे जी आलीच नाही, तिचं मत आपोआप बबनरावाला. हा कायदा कुणी लिहिला मला माहीत नाही, पण त्याच्या घरची बाई कधी ऊस तोडायला गेली नसणार.

मतदान घ्या म्हणून बायकांच्या सह्या पावसाळ्यात गोळा केल्या, त्या मायानं आणि मी. माया वरच्या वस्तीवरची, वंजाऱ्यांची. मी राजश्री, बौद्धवाड्यातली, ब्लाउज शिवते. ती माझ्याकडं पहिल्यांदा आली ती ब्लाउज सैल करून घ्यायला आणि बसली ती दिवेलागणीपर्यंत. तेव्हापासून आमचं जमलं. सह्यांसाठी दारोदार फिरताना काही घरांत मला ओट्यावरच बसायला सांगत आणि तिला म्हणत, तू आत ये की. माया आत जायची नाही. माझ्या शेजारी ओट्यावर फतकल मारून म्हणायची, "हितं वारं चांगलं हाय." एवढंच. त्यावर भाषण नाही, काही नाही. मी चळवळीतली भाषणं लई ऐकली आहेत, पण त्या वाऱ्याइतकं मला कुणी गार केलं नाही.

दिवाळी झाली आणि माया नवऱ्याबरोबर, पंडितबरोबर, सांगलीकडं ऊसतोडीला गेली. अर्धं गाव गेलं. मागं उरलेल्या आम्ही बायका आणि आमचे आबासाहेब तहसीलसमोर बसलो. आबासाहेब म्हणजे निवृत्त मास्तर, जन्मभर मोर्चे काढलेला माणूस. त्यांनी घोषणा दिली, "तारीख द्या, लवकर द्या!" आम्ही घसा फोडून तीच ओरडलो. आणि सरकारनं कधी नव्हे ते ऐकलं. तारीख दिली पौषातली. आम्ही पेढे वाटले, आबासाहेबांना हार घातला. मग मी मोठ्या तोऱ्यात मायाला फोन लावला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "राजे, पौषात आमी गावात असताव व्हय?"

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. आमच्या गावात सहा महिने घरांना कुलपं असतात. ती बघायची इतकी सवय झालेली की त्या कुलपांमागं माणसं राहतात हेच आम्ही विसरलो. बसलो होतो त्या सगळ्या गावात राहणाऱ्या. जिच्यासाठी हे सगळं होतं, जिचा नवरा गावात असला की हप्त्याचा पगार बबनरावाच्या फळीवर ठेवून येतो, ती उसाच्या फडात होती. आबासाहेब दुसऱ्या दिवशी तारीख पुढं ढकला म्हणून सांगायला गेले. साहेब म्हणाले, मग पुन्हा नवीन मागणी, नवीन सह्या, नवीन तपासणी. तुम्हीच तर लवकर म्हणत होतात.

बबनराव आनंदानं फुगला. आमच्या बैठकीला त्यानं चहा पाठवला, फुकट. मी किटली उलटी केली. आबासाहेबांना जरा वाईट वाटलं, कारण थंडी होती.

मग ठरलं, बायकांना आणायचं. निवडणुकीला पुढारी गाड्या पाठवून मतदार आणतात, तर आपण कावून न्हाई? डिझेलचं आबासाहेबांनी बघितलं. चारी दिशांच्या कारखान्यांवर जीपा गेल्या. मायाच्या टोळीकडं गावातल्या नाथाच्या जीपमागं आणखी दोन गाड्या लागल्या आणि पुढच्या सीटवर मी बसले. मला दुसरं कुणी जाऊ शकतं असं कुणी म्हणालं असतं तर मी भांडले असते. खरं सांगायचं तर मतांचा विचार माझ्या डोक्यात मागच्या सीटवर होता. मला मायाला आणायचं होतं. मतदानाच्या रांगेत ती माझ्यापुढं उभी राहील, मागं वळून काहीतरी वाह्यात बोलेल आणि शाई लावणारा साहेब आमच्यावर डाफरेल, एवढंच चित्र मी वाटभर बघत होते. ती गेल्यापासून माझ्या शिलाई मशीनशेजारचा पाट रिकामा होता. गिऱ्हाइकं येत, पण त्या पाटावर मी कुणाला बसू देत नव्हते. नवरा म्हणायचा, देव्हारा केलास का काय त्याचा.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. टोळीच्या कोप्या, म्हणजे ताडपत्रीच्या झोपड्या, रस्त्याकडंला होत्या. फडातून बायका डोक्यावर उसाचे वाढे, म्हणजे शेंडे, घेऊन येत होत्या. वाढ्यांच्या हिरव्या भाऱ्याखाली तोंड दिसत नव्हतं, पण चालीवरून मी मायाला ओळखलं. तिनं भारा तिथंच टाकला.

"जय भीम राजे!" असं ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की बैलं बिचकली. मग येऊन मला धरलं. तिच्या अंगाला उसाच्या पाचटाचा वास येत होता आणि हात खरबरीत झाले होते. वाळली होती. मला रडू आलं म्हणून मी तिला आधी शिव्या दिल्या.

"फोन उचलायला काय होतं गं तुला?"

"मोबाईल पंडितच्या खिशात, पंडित उसात. कुणी उचलावं?"

बायकांना गोळा केलं. सगळ्या तयार होत्या, काहींनी तर पिशव्या आधीच भरून ठेवलेल्या. अडलं ते टोळी आणणाऱ्या मुकादमावर. उत्तरेश्वर मुकादम आमच्याच गावचा, बोलायला मऊ. त्यानं मला खुर्ची दिली, स्वतः उसाच्या मोळीवर बसला.

"राजश्रीताई, माझी ना न्हाई. दारूनं माझा भाऊ बी गेलाय," तो म्हणाला. "पर कोयता म्हंजे नवरा-बायको दोघं. एकानं तोडायचं, एकानं मोळ्या बांधायच्या. बाई गेली की कोयता मोडला. मला कारखान्याच्या गाड्या भरून द्यायच्यात. ह्या गेल्या आन संक्रांत करूनच येताव म्हणल्या, तर मी कुणाचं त्वांड बघावं?"

"दोन दिवसांत परत येतील. मी सांगते ना."

"तुमी सांगून काय होतंय? तुमी गावात राहणार."

हे मला लागलं, कारण खरं होतं.

गडी गोल करून उभे होते. त्यातून पंडित पुढं आला. संध्याकाळ असून शुद्धीवर होता, हेही नवलच. म्हणाला, "मी दोघांचं वढतो. तोडतो बी आन बांधतो बी. जाऊ द्या तिला." मग बाकीचे गडीही हो हो करायला लागले. ज्यांच्या बाटलीसाठी हा सगळा खटाटोप, तेच बायकांना जा म्हणत होते. माणसाचं काही कळत नाही. दारूवर सगळ्यात जास्त राग पिणाऱ्यालाच असतो की काय, असं मला वाटलं.

उत्तरेश्वरानं बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाला, "ठीक हाय. समद्या जाऊ द्या. पर माया हितं राहील."

"का म्हणून?" मी ताडकन उठले. "तिनंच तर हे सुरू केलंय."

"म्हणूनच. माया हितं असली तर बाकीच्या परत येतील. तिला सोडून एक बी गावात राहायची न्हाई. मला दुसरा जामीन नगं."

मी खूप भांडले. तिच्या बदल्यात मला ठेवा म्हणाले. तर तो हसला, म्हणाला, ताई, तुमच्यासाठी गावच्या बायका परत येतील का हे तुमीच सांगा. मी मायाकडं बघितलं. वाटलं ती उसळेल. तिची जीभ मला ठाऊक होती, मुकादमाला उभा चिरला असता तिनं. पण ती बायकांची डोकी मोजत होती, बोटानं, ओठ हलवत.

"माझं एक मत जाईल," ती म्हणाली. "ह्यांची समद्यांची येतील. घ्या, बसा गाडीत."

"माये, मी तुला न्यायला आले गं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "मला बी यायचंच होतं. लुगडं धुवून वाळवून ठिवलंय." आणि तिनं ते लुगडं आणून म्हाताऱ्या भिवराबाईच्या अंगावर टाकलं, कारण भिवराबाईचं फाटकं होतं आणि गावात चारचौघांत जायचं होतं.

जीप निघाली. मी मागं वळून बघणार नव्हते, तरी बघितलं. ती हात हलवत नव्हती. कोप्यांपुढं बायकांची लहान पोरं गोळा करून उभी होती, एक कडेवर, एक पदराला धरून. बाकीच्यांची पोरंसुद्धा तिच्याच गळ्यात पडली होती. गाडीत बायका गाणी म्हणायला लागल्या आणि मी खिडकीकडं तोंड करून बसले. त्यांना वाटलं, मला गाडी लागली.

मतदान शाळेत झालं. सकाळपासून रांग. फडातून आलेल्या बायकांची बोटं उसानं इतकी काळी आणि चिरलेली की शाई लावणारा साहेब म्हणाला, लावली कुठं तेच दिसत नाही. रांगेत माझ्यापुढं भिवराबाई होती, मायाच्या लुगड्यात. निळ्या काठाचं. मागून बघताना दर थोड्या वेळानं मला चकल्यासारखं व्हायचं. म्हातारी वळून म्हणाली, "लोटू नगंस गं, पोरी." मी लोटत नव्हते. मी नुसता पदर धरला होता.

बबनरावाची माणसं फाटकाशी उभी होती. सकाळी हसत होती, दुपारी जीपा मोजत होती, मग गप्प झाली. मोजणी संपली तेव्हा आडवी बाटली निम्म्याच्या वर गेली. फार वर नाही, पण गेली. आबासाहेब खुर्चीत बसून रडले. आयुष्यभर हरायची सवय लागलेला माणूस, त्याला जिंकल्यावर काय करायचं ते येईना. बायकांनी गुलाल आणला, हलगी आणली. घराचं कुलूप उघडून कुणी चूल पेटवली, कुणी नुसतंच उंबऱ्यावर बसून घेतलं. मला वाटलं, आता ह्या कसल्या जातात. मुकादम खरा ठरणार.

पण भिवराबाई नाचता नाचता थांबली. "चला गं," म्हणाली. "ती पोरगी समद्यांची लेकरं सांभाळीत बसली आसंल."

हलगी थांबली. उंबऱ्यावर बसलेल्या उठल्या. पेटवलेल्या चुलीवर पाणी ओतल्याचा आवाज मी त्या दिवशी घराघरातून ऐकला. कुणी कुरकुर केली नाही, एकीनंही नाही. मी त्या बायकांकडं बघतच राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. पंडितचा नंबर, आवाज मायाचा.

"पडली का आडवी?"

"पडली माये. पडली."

पलीकडं पोरांचा कालवा तेवढा येत होता. मला वाटलं ती ओरडेल, नाचेल, निदान बबनरावाला एखादी शिवी देईल. पण ती बोलली तेव्हा आवाज एवढा बारीक होता की मला फोन कानात दाबावा लागला.

"राजे, आजपातुर मला गावाची कदी आठवण आली न्हाई बघ. दिवाळी झाली की उलट सुटल्यावानी वाटायचं. आन आता... आता मला लई घरी यावं वाटायलंय."

पट्टा पडायला, म्हणजे कारखाना बंद व्हायला, अजून होळीच्या पुढं जायचं होतं. ये म्हणणं माझ्या हातात नव्हतं. जिंकलेल्या गावात, गुलालानं माखलेल्या चौकात, मला एकटीला इतकं रिकामं वाटलं की मी कुणाशी न बोलता घरी गेले, पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि नाथाच्या जीपकडं पळत आले. नवरा म्हणाला, कुठं निघालीस? म्हटलं, सांगते नंतर. आबासाहेब म्हणाले, उद्या तहसीलला आभाराचं निवेदन द्यायचंय. म्हटलं, तुम्ही द्या.

फोन अजून चालूच होता.

"माये, ऐकतीस का? मी यायले. ह्यांच्यासंगं."

"तू? तुला मोळी बांधता येती का?"

"न्हाई."

"ऊस तोडता येतो?"

"न्हाई."

"मंग कावून यायलीस?"

"तुझ्याजवळ बसायला," मी म्हणाले.

ती हसली असं मला वाटलं. मग कळलं, हसत नाही. मी नाथाला म्हटलं, "काढ की बे गाडी," आणि बायकांच्या गर्दीत दाटीवाटीनं सरकून बसले.