बॉयलरमधला हुंदका

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. इमारतीतल्या बहुतेक बायका चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात जमल्या होत्या. कुणी लोकरी कोट चढवून, तर कुणी रजईच खांद्यावर घेऊन. तुर्कस्तानातल्या एर्झुरुममध्ये त्या सकाळी उणे बावीस अंश तापमान होते आणि घर उबदार ठेवणारा भिंतीवरचा गॅसचा बॉयलर सलग तिसऱ्या दिवशी गार पडला होता. घरभरच्या रेडिएटरांना हात लावला तर चटका बसावा इतके ते थंड होते. बॉयलरच्या पोटातून मात्र अधूनमधून गुडगुड ऐकू येत होती.

"ऐका," मंत्र-ताईत करणाऱ्या जाफेर होजाने बोट वर केले. "रडतोय तो."

"कोण, होजा?" घराची मालकीण झुल्फिये हिने दबक्या आवाजात विचारले.

"जिन्न. सात भावांतला धाकटा, एका पायानं लंगडा. थंडी सोसवत नाही म्हणून तुमच्या ज्योतीवर येऊन बसलाय. मग ज्योत पेटणार कशी?"

दोघीतिघींनी डोक्यावरच्या रुमालाचे टोक तोंडाला लावले. होजाने वाफाळत्या पाण्याची तांब्याची झारी मागवली, तिच्यावर बराच वेळ पुटपुटला आणि बाल्कनीत जाऊन कठड्यापाशी ते पाणी सावकाश ओतले. "त्याची पाऊलवाट धुतोय," तो आतल्यांना म्हणाला. परत येऊन त्याने बॉयलरवर तीनदा फुंकर मारली. डाव्या हाताचा पंजा, रुंद बाहीखाली झाकलेला, बॉयलरच्या तळाशी टेकवला. टक् असा आवाज झाला, आणि काचेमागे निळी ज्योत फुलली.

बायकांचा श्वास एकदमच सुटला. दारातून हे सारे पाहणाऱ्या नेझाहतचा सुटला नाही. ती आरोग्य केंद्रातली सुईण. झुल्फियेच्या सोळा दिवसांच्या नातवाचे वजन करायला काटा घेऊन आली होती.

"आज गेला, उद्या पुन्हा येईल," होजा म्हणाला, आणि त्याची नजर आतल्या खोलीच्या बंद दाराकडे वळली. "तो या घराचा नाहीच. सुनेच्या पावलानं आलाय. बाळंतपणाचे चाळीस दिवस संपेपर्यंत तिला माहेरी पाठवा. बाळ इथंच ठेवा; तिच्या अंगावरून बाळाच्या अंगावर आला, तर मग माझ्याही हातात काही नाही. आणि कारागिराला बोलवायचं नाव काढू नका. पान्याचं लोखंड लागलं की जिन्न घरातल्या सगळ्यात लहान जिवात शिरतो."

"उद्या दुपारच्या बसनं पाठवते," झुल्फिये म्हणाली.

"आणि सोळा दिवसांच्या पोराला पाजणार कोण?" नेझाहतने दारातूनच विचारले. "होजा, तुम्ही?"

मागे कुणीतरी फिसकन हसले आणि लगेच खोकले.

"बाजारात दुधाचे डबे मिळतात, बाई," होजा शांतपणे म्हणाला. बाही मागे सारून त्याने चहाचा पेला उचलला, तेव्हा त्याच्या डाव्या मनगटावरचा चंद्रकोरीसारखा भाजल्याचा व्रण नेझाहतला दिसला. तो व्रण तिच्या ओळखीचा होता. कुठला, ते चटकन आठवेना.

आतल्या खोलीत सेहेर पलंगावर बसली होती. वय असेल बावीस. शेजारी भरलेली बॅग, आणि खिडकीशी पाठमोरा उभा नवरा, याव्हुझ. बाळाचे वजन चार दिवसांत कणभरही वाढले नव्हते. अंगाचे तापमान साडेपस्तीस. नेझाहतने बाळाला उघडे करून सेहेरच्या कपड्यांच्या आत, थेट छातीशी ठेवले आणि वरून रजई घातली.

"असंच धरून ठेव. सोडू नकोस."

"ताई," सेहेर हळूच म्हणाली, "माझ्यामुळंच होत असेल का हो हे?"

एवढा वेळ नेझाहतने राग गिळून ठेवला होता. या प्रश्नाने तो तिच्या कानशिलांपर्यंत चढला. होजा खोटे बोलत होता, त्याची तिला सवय होती. पण या पोरीला ते खरे वाटू लागले होते.

"आई कुणाचं ऐकत नाही," याव्हुझ खिडकीकडे पाहतच म्हणाला. "मी काय करणार?"

"बायकोची बॅग भरलीस की. आता एक काम कर. बॉयलरबरोबर आलेलं पुस्तक कुठाय, ते शोध."

पुस्तक चमच्यांच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत जसेच्या तसे सापडले. ते घेऊन नेझाहत बाल्कनीत गेली. भिंतीतून करंगळीएवढी एक राखाडी नळी बाहेर आली होती आणि कठड्यावरून खाली लोंबत होती. तिच्या तोंडाशी अर्धवट वितळलेला बर्फाचा सुळका टपटपत होता. होजाची पवित्र झारी नेमकी इथेच रिकामी झाली होती. नेझाहतने पुस्तकाचे अठ्ठाविसावे पान दोनदा वाचले. मग मनगटावरचा तो व्रण कुठला, तेही तिला आठवले.

दुसऱ्या दिवशी उणे चोवीस होते. बॉयलर बंद, पोटात गुडगुड, बायकांची गर्दी. होजा आला तेव्हा नेझाहत ओट्याशी उभी होती आणि झारी तिच्या हातात होती.

"होजा, आज मंत्र मी म्हणते," ती म्हणाली आणि झारीवर वाकली. "आठ एके आठ. आठ दुणे सोळा. आठ त्रिक चोवीस."

"श्रद्धेची थट्टा महागात पडेल, बाई."

"श्रद्धेची करत नाहीये. तुमची करतेय. मशिदीच्या इमामांनी तुम्हाला ताईत विकताना अंगणातून हाकललं, ते का, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे." पाढा पुरा करून तिने बाल्कनीत जाऊन कोमट पाणी नळीवर भिंतीपासून टोकापर्यंत ओतले. थोड्या वेळाने बर्फाची एक लांब कांडी नळीतून सुटली आणि चार मजले खाली जाऊन फुटली. मागोमाग कोंडलेले पाणी भळभळा वाहिले. नेझाहत आत आली, बॉयलरच्या तळाचे बटण सगळ्यांना दिसेल असे दाबले. टक्. निळी ज्योत.

दोघीतिघी पुढे होऊन ते बटण निरखू लागल्या.

"गॅस जळतो तेव्हा वाफ होते," नेझाहत म्हणाली. "तिचं पाणी होऊन या नळीतून बाहेर जातं. नळी गोठली की ते आत तुंबतं. तुमचा लंगडा जिन्न गुडगुडतो तो हाच. पाणी तुंबलं की बॉयलर स्वतःहून बंद होतो, आपण सुरक्षित राहावं म्हणून. पुस्तकात चित्रासकट छापलंय. झुल्फिये मावशी, ही नळी बाहेर कुणी काढली? कारागिरानं ती सिंकच्या मोरीला जोडली असणार."

झुल्फियेने ओठ ओले केले. "होजांनीच सांगितलं, ऑक्टोबरात. मोरीत जिन्नांची वस्ती असते. गर्भारणीच्या घरात दिवसरात्र त्यांच्या डोक्यावर कढत पाणी पडलं तर ते सूड घेतात. आपल्यात मोरीत गरम पाणी ओतताना परवानगी मागतातच की. या यंत्राला कोण मागायला लावणार?"

"आणखी कुणाच्या घरी सांगितलं?"

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने हळूच हात वर केला. "आमच्याकडं. आमचाही बंद पडतो."

"आमचाही," दाराशी कुणीतरी म्हणाले.

नेझाहत होजाकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "सहा वर्षांपूर्वी या मनगटाला मलमपट्टी मी केली होती. बॉयलरच्या धुराड्यानं भाजलं, असं तुम्हीच सांगितलं होतं. बॉयलर बसवणाऱ्याच्या हाताखाली कामाला होतात तेव्हा. ही नळी बाहेर काढली तर थंडीत काय होणार, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. आधी दुखणं लावलंत, मग औषध विकलंत. आणि दोष कुणाच्या माथी मारलात? बाळंतिणीच्या. एका पोराला आईच्या अंगावरून ओढून काढायला निघाला होतात तुम्ही."

होजाने झुल्फियेकडे पाहिले. ती नळीकडे पाहत होती. त्याने कोट सावरला, आणि बायकांनी मागे सरून त्याला जी वाट दिली ती मानाची नव्हती. जिन्यात याव्हुझने त्याला गाठले. बाळाच्या दुपट्यावर टाचलेले आहेराचे सोन्याचे नाणे होजाने पहिल्याच दिवशी नेले होते. ते घेऊन याव्हुझ परतला आणि बायकोची बॅग उघडून कपडे कपाटात लावू लागला.

दुपारी कारागीर आला. त्याने नळी पुन्हा मोरीत सोडली. पान्याचे लोखंड सगळीकडे लागले. जिन्न कुणाच्याच अंगात शिरला नाही. नळी आत जाताना झुल्फिये "परवानगी असावी" असे पुटपुटली. नेझाहतने तिला अडवले नाही. सुनेला आणि यंत्राला ज्याचा त्रास नाही, त्या सवयीशी तिचे भांडण नव्हते.

निघताना ती जमलेल्या बायकांना एवढेच म्हणाली: "घरात काही बंद पडलं तर आधी विचारा, पाणी कुठं जातं, हवा कुठून येते, गेल्या काही महिन्यांत कुणी काय हलवलं. कुणाच्या पावलानं बिघडलं, हे विचारू नका. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून नेहमी एखादी बाईच सापडते."

बस वेळेवर सुटली. सेहेरची जागा रिकामी गेली. चार दिवसांनी नेझाहत काटा घेऊन आली, तेव्हा बाळाचे वजन ऐंशी ग्रॅमनी वाढले होते.