तिघांच्या आड

चार देखण्या पोरांनी केस उडवत नाचायचं आणि पोरींनी किंचाळायचं, यापलीकडे ज्यांना काही दिसत नाही, त्यांनी ती गाणी एकदा पळत पळत म्हणून पाहावीत. गाणं राहू द्या, पळता पळता नुसता घरचा पत्ता सांगून दाखवावा. चौकडीने हे अकरा वर्षं केलं, तेही सुरात.

सुरुवात झाली लंबूच्या मामाच्या फर्निचरच्या गोदामात. नाचाच्या सरावाला आरसा लागतो आणि तिथल्या न खपलेल्या कपाटांना मोठाले आरसे होते. चौघे सकाळी कपाटं ओळीत सरकवायचे, घामाघूम होईपर्यंत नाचायचे आणि गिऱ्हाईक यायच्या आत सगळं पुन्हा जागच्या जागी लावायचे. मामा त्यांना चांडाळचौकडी म्हणायचा. पुढे रेकॉर्ड कंपनीने नावातला चांडाळ काढून टाकला. मामाच्या मते नेमकं खरं तेवढंच गेलं.

चौघांत वयाने मोठा तो दादा. लंबू नावाप्रमाणे लांबलचक. देखणा इतका देखणा, की त्याला गाताही येतं यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही, म्हणून बिचारा सगळ्यांपेक्षा जास्त रियाज करायचा. आणि चौथा चिमण. त्याला दाढी आली, त्याचं लग्न झालं, मुलगी शाळेत जायला लागली, तरी चिमण तो चिमणच.

पहिली कॅसेट गाजली तेव्हा वर्तमानपत्रात कुणीतरी त्यांना ‘गाणारे कंगवे’ म्हटलं. देखण्याच्या ते फार जिव्हारी लागलं. पण रडत बसण्याऐवजी चौघे गायनाच्या बाईंकडे जाऊन उभे राहिले. बाईंनी त्यांना गात गात जिने चढायला लावले आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली.

“श्वास घ्या, पण तिघांच्या आड घ्या,” बाई म्हणायच्या. “एकाने घेतला तर कुणाला कळत नाही. दोघांनी घेतला तर मला कळतं. चौघांनी एकदम घेतला की गाणं मेलं.”

त्यातूनच त्यांच्या सगळ्यात लाडक्या गाण्याचा तो शेवट जन्मला. चौघे पळत स्टेजच्या टोकाशी येतात आणि ‘घरी ये’ हे दोनच शब्द एका सुरात लांबवत नेतात. आता तुटेल, आता तुटेल असं वाटतं आणि सूर तुटत नाही. प्रत्येकाची श्वासाची जागा ठरलेली. एक थांबला की तिघे धरून ठेवणार. ऐकणाऱ्यांना यातलं काहीच माहीत नसायचं, पण भल्याभल्यांचे डोळे पाणवायचे.

गेल्या हिवाळ्यात दादाला न्यूमोनिया झाला. बरा झाला, पण छाती पहिल्यासारखी भरेना. “गाण्याचं मला विचारू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुम्ही आधी जिना हळू चढा.” दादाने तिघांना सांगितलं, ठणठणीत आहे.

“ठणठणीत म्हणे!” बायको म्हणाली. “भाजीची पिशवी वर आणताना दोनदा पायरीवर टेकलास.”

तरी तो दौऱ्यावर गेला. त्या शेवटच्या सुरात ठरलेल्या जागेपर्यंत दम पुरायचा नाही. मग तो जमेल तिथे श्वास घ्यायचा आणि दर वेळी जीव मुठीत धरायचा, की आज आपल्यामुळे तुटणार. तुटलं नाही. लोकांच्या आरड्याओरड्यात खपून जातंय, असं त्याने मानलं.

दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम मात्र टीव्हीवर थेट दाखवायचं ठरलं. त्या दुपारी साउंडवाल्याने दादाला बाजूला घेतलं.

“दादा, तुझ्या माइकवर मला सगळं ऐकू येतं,” तो हळूच म्हणाला. “तुझा जुना आवाज आहे माझ्याकडे. तेवढ्या जागेला लावून देतो. तू नुसते ओठ हलव. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

मोह झाला नाही म्हणणं खोटं ठरेल. पण चौकडीने आजवर नुसते ओठ हलवून टाळ्या घेतल्या नव्हत्या. त्यांना नावं ठेवणाऱ्यांना देता येईल असं तेवढं एकच उत्तर त्यांच्याकडे होतं. दादा नको म्हणाला आणि तडक मेकअपच्या खोलीत गेला. या तिघांवर त्याचा सख्ख्या भावांहून जास्त जीव होता, आणि त्यांच्याशिवाय आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

लंबू गुडघ्याला पट्टी बांधत होता. देखणा डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत होता. चिमण शर्टांना इस्त्री करत होता.

“मी आज उभा राहणार नाही,” दादा म्हणाला. “माझा दम पुरत नाही रे. दौऱ्याच्या सुरुवातीपासून तुम्हाला फसवतोय. वाटेल तिथे श्वास घेतो. आजवर नशिबाने निभावलं. आज तुम्ही तिघेच गा.”

देखण्याने टॉवेलातून लालबुंद तोंड बाहेर काढलं. “नशिबाने म्हणे!”

“पहिल्याच कार्यक्रमात कळलं होतं,” लंबू म्हणाला. “श्वास घ्यायच्या आधी तुझा खांदा वर जातो. मी शेजारीच असतो की. खांदा हलला की मी या दोघांना बोटाने खूण करतो.”

दौऱ्यात रोज सकाळी हे तिघे घामाने निथळत नाश्त्याला यायचे आणि फिरायला गेलो होतो म्हणून सांगायचे. ते फिरणं म्हणजे गात गात जिने चढणं होतं, हे दादाला आत्ता कळलं.

“मला सांगायचं नाही?” त्याचा आवाज चढला, डोळे भरले.

“सांगितलं असतं तर तू निघून गेला असतास,” लंबू म्हणाला.

“मग आता जातोच. माझ्या वाटचं ओझं किती दिवस ओढणार? मी घडीघडी थांबतो, तुम्ही गातच असता. वेड्यांनो, तुम्ही श्वास घेता तरी कधी?”

चिमणने इस्त्री उभी ठेवली.

“तू गातोस तेव्हा,” तो म्हणाला.

दादाने हात पुढे करून आपला शर्ट मागितला.