रुद्राप्पानं आवळलेले आठ पेच

मी गिटार बोलतेय, कोल्हापूरच्या शाहूपुरीतली. चार वर्षं गळ्यात हार घालून मला भिंतीवर टांगलंय. तेव्हा आवाज चिडका लागला तर समजून घ्या.

मला रुद्राप्पानं घडवलं. तो लेथवर पंपाचे भाग करायचा आणि लग्नसराईत बँडमध्ये गिटार वाजवायचा. ताशापुढं त्याची गिटार कुणाला ऐकू जायची नाही. क्लॅरोनेटवाला गुंडू चिडवायचा, "रुद्राण्णा, बोटं हलत्यात, ऐकू काय येईना बघ!"

मग एका मासिकात त्यानं पत्र्याची वाटी पोटात असलेल्या गिटारचं चित्र पाहिलं आणि शहाऐंशी साली मला करायला घेतलं. अंग सागवानी. पोटात अॅल्युमिनियमची पातळ वाटी. तीच आवाज मोठा करते. वर भोकाभोकांचं झाकण, आठ पेचांनी आवळलेलं.

पहिली वाटी जाड झाली, मी डब्यासारखी वाजले. दुसरी लेथवरच फाटली. पुढं पस्तीस वर्षं तो मला उघडायचा, नवी वाटी बसवायचा, वाजवायचा आणि मान हलवायचा. "अजून न्हाय."

शेवटची वाटी कागदासारखी उतरली. ती बसवून त्यानं पेच आवळले. दमला होता. "उद्या ऐकतो," म्हणाला. तो उद्या त्याला मिळाला नाही.

त्याच्या बायकोनं, मल्लव्वानं, मला भिंतीवर लावलं. खंडेनवमीला हत्यारं पूजतात. लेथ विकला गेलेला, म्हणून सगळी पूजा माझ्याच अंगावर: विभूती, हळदकुंकू, ओल्या झेंडूचा हार. पाकळ्या भोकांतून आत पडतात आणि वाटीला चिकटून कुजतात. पूजा करणाऱ्याला कोण अडवणार?

यंदा पूजेला गुंडू आला. त्याला राहवलं नाही, त्यानं तार छेडली. मी घरघरले.

मल्लव्वाचा चेहरा उतरला.

"वैनी, आत कायतरी अडकलंय. पेच काढून बघूया की."

तिनं मला त्याच्या हातातून घेतलं. "नगं भावजी. त्यांचं शेवटचं काम जमलं न्हाय. कुठं बोलू नगा."

"अव्वा, बघू तरी दे," मुलगी रक्षिता म्हणाली.

"त्या पेचांना तुझ्या अप्पांचा हात लागलाय. झाकलंय ते झाकलेलंच बरं."

आणि पुन्हा ओला हार.

अगं, जमलं होतं! शेवटचे पेच आवळले त्या संध्याकाळी उठताना त्याच्या बाहीचं बटण तारेला लागलं. एकच सूर निघाला, भरदार, त्याला हवा होता तसा. शेजारचा लेथ चालू होता, त्याला ऐकू गेलं नाही. मी ऐकलं. तेव्हापासून ही गोष्ट एकटीच्या पोटात घेऊन बसलेय, आणि वरून फुलं पडतायत.

मल्लव्वा, त्याची अब्रू झाकतेस असं तुला वाटतं. पेच काढ. पाकळ्या झटक. त्यानंतरही मी घरघरले, तर खुशाल कायमची झाक. पण त्याला नापास करण्याआधी एकदा ऐक.