चारशे ग्रॅम, आवाज नाही

डबी, पत्र्याची, चपटी. बासष्ट ग्रॅम.

हे म्हणाले, "चारशे ग्रॅम. त्याच्या वर एक टाचणी नको."

"आणि पाचशे झालं तर?"

"तर वरचे शंभर मी जिन्यातच काढून ठेवीन. नाकापेक्षा मोती जड."

पाणी खात्याची मोठी पाइपलाइन डोंगरातल्या तलावापासून खाली शहरापर्यंत येते. माझा नवरा तिच्या कडेकडेनं एकटा चालत जातो. गळती बघायची, झडपा तपासायच्या, चार वाजेपर्यंत वरच्या चौकीत पोचायचं आणि तिथल्या फोनवरून ऑफिसला कळवायचं. मधल्या वाटेवर मोबाईल लागत नाही. ऑफिसात फोन घेते ती ह्यांची धाकटी बहीण, माझी नणंद. ती आमच्याकडेच राहते. भाऊ सुखरूप पोचल्याचं जगात सगळ्यात आधी तिला कळतं, मग मला. वीस वर्षं असंच चाललंय.

पाठीवर पान्हा, किल्ल्या, रंगाचा डबा, पाणी मिळून नऊ किलो आधीच असतात. म्हणून अडीअडचणीच्या ह्या डबीला, माझ्या वाट्याला, चारशे ग्रॅम.


चंदेरी चादर, घडी केलेली. चोपन्न ग्रॅम.

उलगडली की अख्खा माणूस झाकते, घडी केली की मुठीत मावते. पण फक्त माझ्या मुठीत. ह्यांनी एकदा घडी घालून बघितली तर उशीएवढी झाली.

"ही तुझी विद्या," हे म्हणाले. "आम्ही आपले फुगवणारे."


शिट्टी, गोळीची, पितळी. बारा ग्रॅम.

खरं तर ही सगळी डबी शिट्टीसाठीच. बाकीचं तिच्याभोवती जमत गेलं.

गेल्या थंडीत ह्यांच्या खात्यातला एक लाइनवाला वर गेला तो आलाच नाही. इतका उंच होता की सगळे त्याला ताडमाड म्हणायचे. तिसऱ्या दिवशी सापडला. शोधणारी माणसं धुक्यात त्याच्यापासून तीस पावलांवरून दोनदा गेली होती. त्यानं हाका मारल्या असणार. मारून मारून घसा गेला असणार. त्याची बायको मला म्हणाली, "घरात ह्या खोलीतून त्या खोलीत हाक मारली तरी मी उठायचे, हो."

तेव्हा मी ही शिट्टी आणली.


दोरी, आठ हात. आरसा, माझ्या पावडरच्या डबीतला. काडेपेटी, मेणात बुडवून. साखरेचे खडे. पट्ट्या. पातं. मेणबत्तीचं बुटूक.

टॉर्च: बाद. ह्यांच्या टोपीला आहे.

देवाचा फोटो: बाद. नणंदेनं घातला होता. तीन ग्रॅमच होता, पण त्याला काच होती.

"वहिनी, देवालाही वजनात धरलंस?"

"काचेला धरलंय. देव कागदावरही चालतो."

मग तिनं कागद कापून दिला. तो ठेवला.


आवाज.

मी मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगला आहे. काचेच्या नळ्या, तापमापकं, तराजूची वजनं असं सगळं तिथे येतं. आमच्याकडे खोका बंद झाला की कानाजवळ धरून तीनदा हलवायचा. आत काही सरकलं, खुळखुळलं, तर परत उघडायचा, कारण जे वाजतं ते फुटतं. नाही वाजलं तर चिठ्ठीवर लिहायचं, "आवाज नाही", आणि सही. मी दिवसाला साठ वेळा लिहिते.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर डबी बंद केली. कानाजवळ धरली. हलवली.

खुळ.

दोरी सरकवली, साखर हलवली, परत लावली. खुळ. तासभर गेला. नणंद भाजी निवडता निवडता म्हणाली, "वहिनी, नवऱ्याला डोंगरावर पाठवतेयस की पार्सलनं?" शेवटी सापडलं. शिट्टीच्या आतली गोळी. मग चिमट्यानं कापसाचा बारीक बोळा शिट्टीच्या फटीतून आत सारला. परत हलवलं.

आवाज नाही.

कापूस: वजन भरलं नाही.

एकूण: तीनशे अठ्ठ्याण्णव.


सोमवार, सकाळ.

ह्यांनी डबी पट्ट्याला लावली. मी म्हटलं, "उघडून बघा तरी."

"उघडली तर परत तशी बसणार आहे का माझ्याकडून?"

"शिट्टी डाव्या कोपऱ्यात आहे."

"असेल. तू ठेवलीस म्हणजे असणारच."

जिन्यात बुटांचा आवाज आला. डबीचा आला नाही. मला तेव्हा त्याचं बरं वाटलं होतं.


सोमवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

माझ्यासमोर काचेची उभी नळी होती. हवा किती वेगानं जाते ते दाखवायची. आत एक छोटी गोळी असते, हवा आली की ती वर उचलली जाते. पाठवताना गोळी आपटून नळी तडकू नये म्हणून चिमट्यानं कापसाचा बोळा आत बसवतात. नंतर नळीच्या गळ्यात लाल चिठ्ठी बांधतात. तिच्यावर छापलेलं असतं: वापरण्यापूर्वी कापूस काढावा.

बोळा बसवला. लाल चिठ्ठीकडे हात नेला.

हात तिथेच राहिला.

अकरा वर्षांत बोळा बसवला आणि लाल चिठ्ठी बांधली नाही, असं माझ्याकडून एकदाही झालेलं नाही. घरी लाल चिठ्ठ्या नसतात.


तीन वाजून चौदा मिनिटं. फोन.

"पाणी खातं."

"अगं मी. दादाचा फोन आला?"

"चारला येतो, वहिनी. आज काय, उतावीळ?"

"आला की आधी सांग, शिट्टीत कापूस आहे. काढायला सांग. चिमटा नाहीये, पात्याच्या टोकानं निघेल."

"शिट्टीत काय आहे?"

"कापूस."

"कुणी घातला?"

विचारता विचारता तिलाच कळलं. ती हसायला लागली. "वहिनी, धन्य आहेस. आता डोंगरालाच खुणेनं सांगावं लागेल की मला वाचव म्हणून."

मीही हसले. चार वाजता फोन येणार, ती सांगणार, हे शिव्या देत कापूस काढणार. पन्नास मिनिटांचा तर प्रश्न.

मी अकरा खोके भरले. एकही हलवला नाही. तपासणीच्या बाईनं सगळे परत पाठवले.


चार.


चार वाजून वीस. "कधी कधी उशीर होतो," नणंद म्हणाली.


पाच. नणंदेनं चौकीत फोन लावला. चौकीवाला म्हणाला, वर दुपारपासून धुकं आहे, हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत. कुणी आलेलं नाही.

ती आता हसत नव्हती. ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, "शोधपथकाला कळवलंय. ते उजाडल्यावर निघतील." मग घरातल्या आवाजात म्हणाली, "त्याच्याकडे शिट्टी आहे ना, वहिनी." आणि मग दोघींनाही आठवलं.


रात्र: नोंद नाही.


मंगळवार, सकाळी साडेसहा.

डोंगराचा रस्ता जिथून सुरू होतो तिथे पाणी खात्याची शेड आहे. आत टेबल, टेबलावर नकाशा, नकाशावर चहाचे गोल डाग. शोधपथकात सहा माणसं होती आणि त्यांचा एक मुकादम. दाराबाहेर धुकं इतकं की उभी केलेली गाडी दिव्यांवरूनच ओळखायची.

मुकादम नकाशावर बोट ठेवून सांगत होता. ह्या धुक्यात पाइपलाइनच्या कडेनं चालायचं नाही, कडा तुटलेल्या आहेत. वळणावळणाच्या रस्त्यानं वर जायचं, प्रत्येक वळणावर इंजिन बंद करायचं, पाच मिनिटं गप्प उभं राहायचं आणि ऐकायचं. "त्यांच्याकडे शिट्टी आहे अशी नोंद आहे. धुक्यातही शिट्टी अर्धा मैल जाते. कानात प्राण आणून ऐका. शिट्टी आली की मगच उतरायचं."

माणसं माना डोलावत होती. दोघांनी जॅकेटच्या चेन लावल्या.

माझ्या जिभेला कापूस लागल्यासारखं झालं. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. सापडले असते तर सापडले असते; नाहीतर धुकं होतंच दोष घ्यायला. नणंद माझ्याकडे बघत होती. ती बोलणार नव्हती. भाऊ तिचा होता, तरी तिनं ते माझ्यावर सोडलं होतं.

"शिट्टी वाजणार नाही," मी म्हटलं.

मुकादमानं वर पाहिलं. "म्हणजे?"

"आत कापूस आहे."

"बाई, शिट्टीत कापूस कोण कोंबतं?"

"मी."

"कशासाठी?"

"खुळखुळत होती."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एक जण म्हणाला, "काढला असेल त्यांनी."

"त्यांना माहीत नाही. आणि मी भरलेल्या वस्तूवर ते शंका घेणार नाहीत." वीस वर्षांत मी कमावलेला विश्वास तिथे टेबलावर पडला होता, आणि त्याचाच मला धाक वाटत होता. "रस्त्यावर उभं राहून काही उपयोग नाही. लाइननंच जावं लागेल. हातानं चाचपत."

मुकादमानं नकाशावरचं बोट रस्त्यावरून पाइपलाइनवर सरकवलं. मग म्हणाला, "दोर काढा. एकमेकांना बांधून जायचं. प्रत्येक झडपेचा खड्डा उघडून बघायचा."

माणसं निघाली. त्यातला सगळ्यात तरुण माझ्याजवळून जाताना थांबला, माझ्याकडे बघत दोराची गाठ आवळून गेला. त्या सहाही जणांच्या घरी कुणीतरी होतंच. त्यांना कड्यावर मी पाठवलं होतं.

नणंद माझ्या शेजारी बाकावर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "हात दे इकडे." माझ्या दोन्ही हातांवर तिनं तिचे हात ठेवले आणि दाबून धरले. मला वाटलं, धीर देतेय. मग लक्षात आलं, मी टेबलावरचा रिकामा चहाचा डबा उचलून कानाजवळ हलवत होते.


अकरा वाजून चाळीस.

सतराव्या झडपेच्या खड्ड्यात सापडले. झाकण सरकलेलं, पाय मोडलेला, चष्मा फुटलेला. चादर अंगाभोवती. श्वास चालू.

रस्त्यापासून तो खड्डा इतका आत होता की वळणावर उभं राहणाऱ्याला हाकसुद्धा ऐकू गेली नसती, मुकादमानं नंतर सांगितलं. शिट्टी मात्र गेली असती. तेही त्यानंच सांगितलं.


दवाखाना, बुधवार.

पाय वर टांगलेला. ओठ फुटलेले. हे हळू आवाजात बोलत होते, मधेच थांबत होते.

"शिट्टी लगेच सापडली. डाव्या कोपऱ्यात. तू म्हणालीस तिथेच."

"हं."

"फुंकली. काही नाही. परत फुंकली. गाल दुखेपर्यंत. मग कळलं मला."

"काय कळलं?"

"की मी बहिरा झालो. डोकं आपटलं होतं ना. म्हटलं शिट्टी वाजतेय, मलाच ऐकू येत नाहीये. स्वतःचं बोलणं काय, डोक्याच्या आतून ऐकू येतं. ते धरता येत नाही. आणि त्या धुक्यात दुसरा आवाजच नव्हता गं. पाइपातलं पाणीसुद्धा बंद होतं, मीच बंद केलेलं." पाणी प्यायले. "पहाटे तर वाटलं, बहिरा नाही, गेलोच आहे आपण. मेलेल्याला शिट्टी ऐकू येत नसेल. तरी फुंकत राहिलो. म्हटलं, मला नाही तर बाकीच्यांना येईल."

"शिट्टीवर शंका नाही आली?"

"तू भरलेली होती ना?"

मी सांगितलं. कापूस, चिमटा, लाल चिठ्ठी, सगळं. ह्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता तोंडही फिरवतील.

"म्हणजे मी मेलो नव्हतो," हे म्हणाले.

"नाही."

"मग एवढी रात्र मी उगाच मेलो."

हसले. ओठ फुटलेला, म्हणून पुरतं हसता आलं नाही. मग माझं मनगट धरलं, आणि इतकं घट्ट धरलं की मला कळलं, ते अजून त्या खड्ड्यातून पुरते वर आलेले नाहीत.


डबी, दुसऱ्यांदा. तीनशे शहाण्णव ग्रॅम.

पाच महिन्यांनी ह्यांना परत लाइनवर जायची परवानगी मिळाली. मी नको म्हटलं. नणंदेनं नको म्हटलं. "मग घरात बसून भांडी मोजू?" हे म्हणाले.

शिट्टी नवी. फुंकून बघितली, इतक्या जोरात की वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. आत काही सारलं नाही. दोरी सैल ठेवली, साखरेच्या खड्यांनाही जागा सोडली. बंद करून कानाजवळ धरली आणि हलवली.

खुळखुळ, खुळखुळ, खण.

माझ्या हातून एवढं वाईट पॅकिंग कधी झालं नव्हतं. हात शिवशिवत होते. दोन्ही हात पदराखाली घेतले.

"हे काय, बैलाच्या गळ्यात बांधतात तसं?" ह्यांनी पट्टा आवळला. "पूर्ण वाटभर वाजणार हे."

"वाजू दे."

जिन्यात बूट, आणि बुटांबरोबर डबी. खाली रस्त्यावर आली तरी ऐकू येत होती. नणंद माझ्यामागे दारात येऊन उभी राहिली. आम्ही दोघी ऐकत राहिलो. पिठाच्या दुकानापर्यंत ऐकू आली. शाळेच्या भिंतीपर्यंत.

कोपऱ्यावर आवाज थांबला.

लांब गेला म्हणून थांबला, की हे थांबले म्हणून, ते इथून कळत नाही.